तागा तोच, शिलाई आपली: मोठ्या घरात स्वतःची ओळख कशी करावी

दिवाळी १९९८चा एक फोटो अजून आमच्या सोप्यातल्या भिंतीवर आहे. पायरीवर सात पोरी ओळीनं बसल्यात आणि सातही जणींच्या अंगात एकाच ताग्यातल्या कापडाचे ड्रेस, आकाशी रंगावर पांढरी फुलं. तात्या, म्हणजे माझे थोरले चुलते, दिवाळीला तासगावातून अख्खा तागाच उचलून आणायचे. वाटायला सोपं, आणि हिला भारी, तिला हलकं ही भानगड नाही. ऊन तोंडावर आल्यानं सगळ्यांनी डोळे बारीक केलेत. त्यात मी कोणती, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. आई म्हणते डावीकडून तिसरी. मोठीआई, म्हणजे थोरली चुलती, म्हणते चौथी.

तेव्हा आमच्या घरात एकवीस माणसं होती. आबा-आक्का, त्यांचे चार मुलगे, चार सुना आणि आम्ही अकरा पोरं. आता तिथं नऊच ताटं पडतात. त्यातलं एक ताट माझ्या चुलतभावाच्या पंधरा वर्षांच्या मुलीचं. मे महिन्यात तिचा फोन आला, "आत्या, मला घरात कुणी वेगळं मोजतच नाही गं. ‘पोरांना जेवायला हाक मार’ म्हणतात, त्या पोरांत मी." नऊ माणसांत हिची ही गत, मग आमचं काय झालं असेल! त्या दिवशी तिला जे सांगितलं तेच जरा सावकाश लिहिते.

आधी शिक्का शोध

मोठ्या घरात पोर पाच-सहा वर्षांचं होतंय तोवर त्याच्यावर एक शिक्का बसतो. एवढ्या पोरांना लक्षात ठेवायचं तर मोठ्यांना ते सोयीचं पडतं, त्यात कुणाचा वाईट हेतू नसतो. आमच्यात पहिली चुलतबहीण हुशार, दुसरी कामाला वाघ, तिसरी देखणी. चांगले शिक्के असे आधीच वाटून संपलेले. माझ्या वाट्याला ‘धांदरट’ आला, कारण सहा वर्षांची असताना मी ताकाचं गाडगं उंबऱ्यात फोडलं होतं. चौदाव्या वर्षीही मी हातात ताट घेतलं की कुणीतरी म्हणायचंच, "हळू गं बाई, गाडगं न्हवं त्ये!"

तुझा शिक्का कोणता ते एकदा कागदावर लिहून काढ. घरातलं कोण तुला काय म्हणतं, कधीपासून म्हणतं, आणि ते खरं आहे का, असे तीन रकाने. तिसऱ्या रकान्यात लबाडी करायची नाही. मी धांदरट होतेच. परवाही स्टाफरूममध्ये चहा सांडला. त्या शिक्क्याशी भांडायचं कारण नव्हतं. अडचण एवढीच होती की धांदरट पोरीच्या हातात कुणी कसलंच जोखमीचं काम देत नाही. जो शिक्का नुसता टोचतो तो राहू दे. जो वाट अडवतो तेवढाच धर.

बी.एड.ला आम्हाला एरिक एरिक्सन हा मानसशास्त्रज्ञ शिकवला होता. ‘मी कोण’ याचा शोध हे कुमारवयाचं मुख्य काम, असं मांडणारा. त्याच्या मागून जेम्स मार्सियानं १९६६मध्ये या वयातल्या पोरांच्या चार अवस्था सांगितल्या. त्यातल्या एका अवस्थेतली पोरं स्वतः काही धुंडाळून न बघता घरानं दिलेली ओळख जशीच्या तशी अंगात घालतात. बाकी तीन मला पाठ कराव्या लागल्या. ही एक मात्र ऐकताक्षणी कळली, कारण समोर तो आकाशी तागाच उभा राहिला.

बंडाचं बिल कुणाच्या नावावर फाटतं

हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर एक वर्ष वाचलं असतं.

१९९९च्या दिवाळीत तागा आला तो मोरपंखी. सगळ्यांसमोर, सोप्यात, तात्या कात्री हातात घेऊन बसलेले असताना मी म्हटलं, "मला हे नको. मला माझं वेगळं पाहिजे." मनात वाटलं, आता काहीतरी मोठं घडणार. काहीच घडलं नाही. तात्यांनी कापड फाडायचं थांबवलं, माझ्याकडं बघितलं आणि पुढच्या पोरीचं माप घेतलं. त्या दिवाळीला मी जुन्याच ड्रेसवर हिंडले.

खरं घडलं ते स्वयंपाकघरात, आणि ते मला फार उशिरा कळलं. पुढं संक्रांतीपर्यंत माझी आई काही मागायला गेली की कुठली तरी जाऊ म्हणायची, "तुमच्याकडं आमचं चालतंय व्हय?" पिठाच्या डब्यापासून हळदी-कुंकवाच्या वाणापर्यंत. आई मला एका शब्दानं बोलली नाही. एकदा रात्री परड्यात भांडी घासताना ती राखेचा तोच हात त्याच पातेल्यावर कितीतरी वेळ फिरवत बसली होती. पातेलं केव्हाच लखलखीत झालं होतं. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला.

एकत्र घरात पोरानं बंड केलं की ऐकून आईला घ्यावं लागतं. म्हणून काहीही वेगळं करायच्या आधी स्वतःला विचार, याचं बिल कुणाच्या नावावर फाटणार आहे? तुझ्या नावावर फाटणार असेल तर खुशाल कर. आईच्या नावावर फाटणार असेल तर आधी तिच्या कानावर घाल, आणि चारचौघांत तर बोलूच नकोस. सणाच्या दिवशी, यात्रेत, कुणाच्या लग्नात किंवा पाहुणे बसलेले असताना स्वतःचं वेगळेपण काढायचं नाही. गौरीच्या दिवशी मान खाली घालून पुरण वाट. ऋषिपंचमीला तासगावचा गणपतीचा रथ ओढतात, तिथं सगळ्या गोतावळ्याबरोबर जा, हसत जा. त्या दिवशी पळ काढणाऱ्या पोरीला वर्षभर कुणी काही देत नाही.

एक काम पकड, तेही वहीचं

घरात दोन तऱ्हेची कामं असतात. केली की पुसली जाणारी, म्हणजे भांडी, झाडलोट, भाकऱ्या. आणि केली की मागं काहीतरी शिल्लक ठेवणारी. पहिल्या तऱ्हेची कामं तुझ्या वाट्याला येणारच आहेत, त्याची तक्रार करून दमू नकोस. पण दुसऱ्या तऱ्हेतलं एक तरी काम स्वतःहून उचल. ते असं असावं की कुणालाच आवडत नाही, रोज करावं लागतं, आणि बंद पडलं तर चार दिवसांत घराला कळतं.

माझ्यासाठी ते दुधाचं निघालं. आमच्या तीन म्हशी होत्या, सकाळ-संध्याकाळ गावातल्या संस्थेत दूध घालायचं. तिथं कार्डावर लिटर, फॅट आणि एसएनएफ (म्हणजे फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) लिहून देतात आणि त्यावर दर ठरतो. म्हशीच्या दुधाला सहा फॅट, नऊ एसएनएफ ही पायरी. त्याखाली उतरलं की दर तुटतो. दहा दिवसांनी बिल. आमच्यात कार्ड एकाच्या खिशात, बिल दुसऱ्याच्या, आणि ‘या टायमाला कमी कसं आलं?’ म्हणून दर दहा दिवसांनी चार भावांत धुसफूस. २०००च्या जानेवारीत मी दोनशे पानी वही घेतली, रकाने आखले आणि कुणालाच न विचारता लिहायला लागले. विचारलं असतं तर धांदरट पोरीला कुणी हो म्हटलं नसतं. घरी धार निघाली की मापानं मोजून एक आकडा, संस्थेतून कार्ड आलं की शेजारी दुसरा.

तीन आठवड्यांत एक गोष्ट दिसली. काही संध्याकाळी दुसरा आकडा पहिल्यापेक्षा बरोबर अर्धा लिटर कमी. किटली मी न्यायचे त्या दिवशी चोख. आक्का किटली भरून धाकट्या पोराच्या हातात द्यायची त्या दिवशी अर्धा लिटर गायब.

मग एका संध्याकाळी मी परड्यात कडब्याच्या गंजीआड थांबले. आक्कानं किटलीचं झाकण काढलं, मागच्या गडग्यावरून पलीकडं हात केला. पलीकडून एक तांब्या वर आला. शेजारची सून बाळंत होऊन दीड महिना झाला होता आणि त्यांच्या दावणीला जनावर नव्हतं. आक्कानं तांब्या भरला, झाकण लावलं, वळली, तर समोर मी.

आजी मला घाबरलीय, असं मी जन्मात पहिल्यांदा बघितलं. क्षणभरच. मग म्हणाली, "वहीत काय लिवणार हाईस?"

मी म्हटलं, "वासराला, अर्धा लिटर."

आक्का काही बोलली नाही. रात्री जेवताना माझ्या ताटात तुपाची धार जरा जास्त पडली. त्या दिवसापासून वहीत ‘वासराला’ असा रकाना आला, हिशोब जुळायला लागला आणि भावांची धुसफूस थांबली. गुढीपाडव्याच्या सुमारास तात्यांनी सोप्यातून हाक मारली, "अगं ए, दुधाची वही आण." नाव नाही घेतलं. पण ‘पोरींनो’ म्हटलं नाही, आणि ‘धांदरट’ तर नाहीच.

तुझ्या घरात म्हशी नसतील. सगळ्यांची विजेची, गॅसची, मोबाइलची बिलं असतील. आजोबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या असतील, कुणाची कधी संपते ते कुणालाच माहीत नसतं. जुन्या फोटोंच्या मागं नावं लिहिणं असेल, आणि ते तर मी म्हणेन उद्याच सुरू कर, नावं सांगणारी माणसं आहेत तोवर. आणि वही लिहिताना घराची गुपितं हातात येतील. ती जिरवायची ताकद असेल तरच हे काम घे.

तू मुलगा असशील आणि त्यातही थोरला, तर तुझा घोळ उलटा असतो. कामं मागावी लागत नाहीत, ‘कर्ता’ म्हणून आधीच डोक्यावर ठेवलेली असतात. तू एक काम उचलायचं नाही, एक धाकट्याच्या हातात द्यायचं. माझ्या थोरल्या चुलतभावाला हे कधी जमलं नाही. तबला वाजवायचा, सुरेख वाजवायचा. पण द्राक्षबागेच्या औषधफवारणीपुढं तबला मागं पडला तो पडलाच.

खिसा

२०००च्या दिवाळीला तागा आला, पिवळसर. मी निमूट माझा तुकडा घेतला. मात्र शिंप्याकडं सगळ्या पोरींबरोबर न जाता आदल्या दिवशी आईला घेऊन गेले आणि म्हटलं, "काका, याला उजव्या बाजूला खिसा पाहिजे. दुधाचं कार्ड मावेल एवढा." त्यांनी चष्म्यावरून बघितलं. पंजाबी ड्रेसला खिसा म्हणजे त्या वेळी आमच्या गावात नवलच. "पोरीच्या जातीला कशाला गं खिसा?" पण शिवला. कापड तेच, शिलाई तेवढीच, त्यामुळं कुणाला बोलायला जागा नाही. त्या वर्षीच्या फोटोत मला स्वतःला शोधावं लागत नाही, कारण सात जणींत एकीचा हात खिशात आहे.

घराशी वाकडं न घेता वेगळं व्हायची ही माझी रीत. घर जे देतं ते घ्यायचं आणि एका जागी आपला टाका घालायचा.

खोली मिळणार नाही, तास शोध

स्वतःची खोली हे मोठ्या घरात स्वप्नच समज. पण कोणत्याही घराला दिवसातून एकदा डुलकी लागते. आठवडाभर नुसतं बघ, घर कधी गप्प होतं. आमच्याकडं दुपारी दोन ते साडेतीन. तो तास पकड आणि रोज त्याच जागी बस, माडीचा जिना असो की गच्चीतल्या टाकीची सावली. पंधरा दिवस रोज तिथंच बसलीस की ती जागा आपोआप तुझी होते. सोळाव्या दिवशी दुसरं कुणी बसलं तर घरातलंच कोणीतरी म्हणतं, "ऊठ, ती येईल आता."

दहावीला माझी खरी कसोटी लागली. परीक्षा मार्चमध्ये आणि बेदाण्याचा हंगामही ऐन भरात मार्चमध्येच. द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून रॅकवर टाकली की सुकायला बारा-पंधरा दिवस. तेवढे दिवस घर म्हणजे नुसती धर्मशाळा, आणि भाकरी थापणाऱ्या हातांना सुट्टी नाही. मी मोठीआईला म्हटलं, जेवणाची पाटी घेऊन बेदाण्याच्या शेडवर मी जाते. पोरींना ते काम नको असायचं, उन्हातून दीड किलोमीटर. माणसं जेवून लवंडली की मला रॅकच्या सावलीत दोन तास मिळायचे. हिरव्या जाळीतून येणारा उजेड, गंधकाच्या धुरीचा नाकात बसलेला वास, आणि भूमिती. प्रमेयं अजून वाचली की तो वास येतो.

रोजनिशी लिहायची असेल तर कुलूप लावू नकोस. कुलूप दिसलं की घरातला प्रत्येक माणूस किल्ली शोधतो. मी माझं सगळं दुधाच्या वहीत, मागच्या पानापासून उलटं लिहायचे. फॅटचे आकडे चाळायला कोण जातंय?

फोनचं मात्र वेगळं आहे. भाचीनं विचारलं, घरच्यांना दिसणार नाही असं इन्स्टाचं दुसरं अकाउंट काढू का? मी म्हटलं, तुझा चुलतभाऊ हा घरातला सीसीटीव्ही आहे, आठवड्यात सापडेल. आणि सापडलं की जे लपवलं ते साधं असलं तरी लपवलं म्हणून मोठं होतं. जो फोन चार जणांच्या हातात फिरतो त्यात स्वतःचं काही ठेवायचंच नाही. फॅमिली ग्रुपवर तुझे मार्क, तुझे फोटो कुणी न विचारता टाकत असेल तर ग्रुपवर भांडू नकोस. टाकणाऱ्याला एकटं गाठ आणि म्हण, "काका, आधी मला दाखवा, मी चांगला निवडून देते." बहुतेक काका खूश होतात.

मोठी गोष्ट मागायची असेल तर

त्याआधी एक गोष्ट. हे सगळं अशा घरांसाठी, जिथं माणसं हट्टी असतील पण दुष्ट नाहीत. मारहाण होत असेल, कुणाचा नको तिथं हात लागत असेल, शाळा बंद करत असतील किंवा अठराच्या आत लग्न ठरवत असतील, तर वही आणि खिसा कामाचे नाहीत. तिथं विश्वासातल्या बाई-सरांना सांग आणि १०९८ फिरव. तो मुलांच्या मदतीचा क्रमांक आहे, पैसे पडत नाहीत.

आता माझं. आमच्यात पोरींनी आर्ट्सला जायचं, बारावी करायची आणि डी.एड.ला नंबर लागतो का बघायचं, ही ठरलेली वाट. मला कॉमर्सला जायचं होतं, तेही सांगलीला. एसटीनं पंचवीस-एक किलोमीटर.

आमच्या घरात निर्णय तात्या सांगायचे, घ्यायचे नाहीत. हे कळायला मला वर्ष लागलं. तू मागच्या दोन-तीन मोठ्या निर्णयांचा माग काढ: टेम्पो घेतला तेव्हा, ताईचं लग्न ठरलं तेव्हा, आधी कोण बोललं, कोण गप्प बसलं, कुणाच्या गप्प बसण्यानं विषय मिटला? माझ्या ध्यानात आलं, की रात्री चुलीपाशी मोठीआई ज्याला नाक मुरडते ते सकाळी सोप्यात निघतच नाही.

म्हणून सगळ्यात आधी आईच्या कानावर घातलं आणि बजावलं, तू काही बोलायचं नाहीस, मी बघते. मग आक्का. तिला कॉमर्स म्हणजे काय ते माहीत नव्हतं, मी म्हटलं, "दुधाच्या वहीचंच मोठं शिक्षण." ती म्हणाली, "मग जा की." मोठीआईची अडचण साधी होती, सकाळच्या भाकऱ्या. रोजच्या चाळीसभर. मी संध्याकाळच्या सगळ्या माझ्यावर घेतल्या, तिनं सकाळच्या सोडल्या. हा सौदा होता आणि तो मी पुढं दोन वर्षं पाळला, रडत पाळला. धाकटे चुलते बापू रोज बाजारला जाणारे, त्यांना गाड्यांच्या वेळा तोंडपाठ. त्यांच्याकडून वेळापत्रक लिहून घेतलं. तेवढ्यानं तेही माझ्या बाजूचे झाले, कारण आता त्यात त्यांचं वेळापत्रक होतं. वडील म्हणाले, "तात्यांना विचार." ते सगळ्यालाच तसं म्हणत.

तात्यांकडं शेवटी गेले, हातात एक कागद घेऊन. फी किती, पास किती, जायची गाडी कुठली, घरी यायला किती वाजतात, भाकऱ्यांचं काय ठरलं. रडायचं नाही, ‘माझं स्वप्न आहे’ म्हणायचं नाही. तात्यांनी चष्मा लावून कागद वरपासून खालपर्यंत वाचला, उलटा करून मागं काही आहे का तेही बघितलं.

"आन दुधाचं कोण बगणार?" एवढंच विचारलं.

मी सातवीतल्या चुलतभावाचं नाव सांगितलं. त्याला पुढचे आठ दिवस शिकवायला बसले. पहिल्या दिवशी त्यानं फॅट लिटरच्या रकान्यात लिहिलं, दुसऱ्या दिवशी तारीखच विसरला. पण आकड्यांना पोरगं पक्कं होतं. चौथ्या दिवशी बोट ठेवून विचारलं, "ताई, हे ‘वासराला, अर्धा लिटर’ काय हाय?"

"ते रोज तसंच लिहायचं."

"पण वासरू तर गेल्या दिवाळीलाच विकलं की गं आपण."

सोप्यातून आक्का खोकली. झोपाळ्यावर तात्या पेपर वाचत होते, त्यांनी पेपर जरा वर धरला.